घराजवळची साधी शाळा की लांबची नावाजलेली? आधी मुलाचा सगळा दिवस डोळ्यासमोर आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कामानिमित्त तुम्ही दोघं एका मोठ्या शहरात राहायला जाताय. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत जाईल. मुलगा अकरा वर्षांचा, चौकस आहे, पण वाचनात वर्गाच्या मागे राहतो. घरासाठी दोन वस्त्या डोळ्यासमोर आहेत. एका वस्तीतल्या मुलांना जी नावाजलेली शाळा मिळते ती बसने पाऊण तासावर आहे. दुसऱ्या वस्तीत चालत दहा मिनिटांवर एक साधी शाळा आहे. तिच्याबद्दल कोणी भरभरून बोलत नाही आणि कोणी नावंही ठेवत नाही. शाळा पारखायची कशी आणि शाळेशिवाय त्या वस्तीत आणखी काय असायला हवं, हे तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं प्राथमिक वर्गांना शिकवलं, पुढे मुख्याध्यापिका म्हणून काम केलं आणि आता नव्या शिक्षकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून त्यांना मदत करते. माझं मत आधीच सांगते: जवळच्या शाळेत वर्गातलं शिकवणं बऱ्यापैकी असेल आणि मागे पडलेल्या मुलाकडे तिथे कोणी लक्ष देत असेल, तर मी जवळची शाळा घेईन. 'असेल तर' हे शब्द मात्र महत्त्वाचे आहेत. ते तपासायचं कसं, त्यासाठीच हे लांबलचक उत्तर.

पहिल्यांदा निकालाबद्दल, कारण तुमचा कल नावाजलेल्या शाळेकडे आहे तो निकालामुळेच. शाळेचा निकाल बऱ्याच प्रमाणात तिथे कोणत्या घरांतली मुलं येतात यावर ठरतो. अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे ४ हजार शाळांमधल्या ६ लाखांहून अधिक मुलांची पाहणी करून अहवाल दिला. इमारत, प्रयोगशाळा, खर्च यांतल्या फरकापेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती आणि वर्गातले सोबती यांचा त्याच्या गुणांशी जास्त संबंध आहे, असं त्यात दिसलं. तेव्हा हे बऱ्याच जणांना अपेक्षित नव्हतं. प्रवेशाच्या वेळीच निवडून मुलं घेणाऱ्या शाळेचा निकाल उत्तम लागला, तर त्यातला किती भाग शाळेच्या शिकवण्याचा आणि किती त्या निवडीचा, हे नुसत्या टक्केवारीवरून कळत नाही. उलट साध्या वस्तीतली, कोणालाही नाही न म्हणणारी शाळा मध्यम निकाल लावत असेल, तर तिथे कदाचित खूप जास्त शिकवलं जात असेल.

यावरून काही जण शाळेने काही फरकच पडत नाही असा अर्थ काढतात, तो मला पटत नाही. नंतरच्या अनेक अभ्यासांनी दाखवलंय की एकाच शाळेतल्या दोन वर्गांमध्ये शिक्षकानुसार मोठा फरक पडतो. एका तुकडीतली मुलं वर्षात खूप पुढे जातात, शेजारच्या तुकडीतली तिथेच राहतात. फळा तोच, पुस्तकं तीच. म्हणून शाळेचं नाव विचारून थांबू नका. पुढच्या वर्षी माझ्या मुलांना कोण शिकवणार, ते शिक्षक इथे किती वर्षं आहेत, गेल्या दोन वर्षांत किती जण सोडून गेले, हे विचारा. दर वर्षी निम्मे शिक्षक बदलत असतील तर बाकी सगळं कितीही चकचकीत असलं तरी मी सावध होईन. शिक्षक टिकतात तिथे बहुतेक वेळा कामाचा आदर होतो आणि ते एकमेकांना शिकवायला मदत करतात. त्याचा फायदा मुलांपर्यंत पोहोचतो.

आता प्रत्यक्ष भेट. शाळेने पालकांसाठी ठरवलेल्या दिवशी जरूर जा, पण त्या दिवशी तुम्हाला जे दाखवायचं तेच दिसेल. त्याशिवाय एकदा साध्या कामाच्या दिवशी, परवानगी घेऊन जा. शक्य असेल तर मधल्या सुट्टीच्या थोडं आधी पोहोचा, म्हणजे एक तास शिकवणं पाहता येतं आणि मग सुट्टीही पाहता येते. 'अर्धा तास वर्गात मागे बसू का' हा प्रश्न शाळेला कसा वाटतो, यातच बरंच कळतं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काही शाळा नकार देतात, तो मी समजू शकते. पण मग त्यांनी निदान चालू वर्गांवरून एक फेरी मारू द्यावी.

वर्गात गेल्यावर शिक्षकाकडे कमी आणि मुलांकडे जास्त पाहा. शिक्षक प्रश्न विचारतात तेव्हा हात कोणाचे वर होतात? त्याच चार मुलांचे? हात वर न करणाऱ्याला कधी विचारलं जातं का? उत्तर चुकलं की पुढे काय होतं, हे तर अगदी बारकाईने पाहा. चांगल्या वर्गात चुकीच्या उत्तरावर शिक्षक थांबतात, 'असं का वाटलं तुला?' असं विचारतात आणि त्या मुलाच्या विचारातून सगळा वर्ग काहीतरी शिकतो. जिथे चुकीचं उत्तर आलं की लगेच 'दुसरं कोण सांगेल?' असं होतं, तिथे मुलं खात्री असल्याशिवाय तोंड उघडेनाशी होतात. आणखी एक गोष्ट: मुलं स्वतःहून प्रश्न विचारतात का? तासाभरात एकाही मुलाने शिक्षकांना प्रश्न विचारला नाही, तर तो वर्ग शांत असला तरी मला चांगला वाटणार नाही.

वह्या पाहायला मागा. शाळा साहजिकच सुंदर अक्षराची वही पुढे करेल. तुम्ही नम्रपणे म्हणा, 'वर्गातल्या मधल्या मुलाची आणि अडखळणाऱ्या मुलाची पाहायला मिळेल का?' नाव झाकूनच मागा, ते योग्य. त्या वहीत नुसत्या बरोबर-चूकच्या खुणा आहेत की शिक्षकांनी दोन ओळी लिहिल्यात, चुकलेलं गणित मुलाने पुन्हा सोडवलंय का, निबंध फळ्यावरून उतरवलेला आहे की मुलाचा स्वतःचा आहे, हे बघा. चाळीस वह्यांत एकच निबंध शब्दाला शब्द सारखा असेल तर त्या शाळेत लेखन शिकवलं जात नाही, उतरवून घेणं शिकवलं जातं. भिंतींचंही तसंच. छापील तक्ते कोणीही लावतं. मुलांनी केलेलं, थोडं वाकडंतिकडं, खाली मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावलेलं काम दिसलं की मला बरं वाटतं.

मधल्या सुट्टीत मैदानावर उभं राहा. एकटं पडलेलं मूल दिसतं का, दिसलं तर कोणा मोठ्याच्या लक्षात येतं का? मोठी मुलं लहानांना जागा देतात का? स्वच्छतागृह तुम्ही स्वतः पाहा, विशेषतः मुलींचं. तिथे पाणी, कडी आणि स्वच्छता नसेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, पोट दुखतं म्हणतात, पुढे शाळा बुडवतात. मुख्याध्यापकांसोबत व्हरांड्यातून चालताना ते समोरून येणाऱ्या मुलांना नावाने हाक मारतात का, तेही ऐका. माझ्यासाठी ही फार मोठी खूण आहे.

शहरातल्या शाळांबद्दल बोलताना आवाज आणि हवा हे दोन विषय बहुतेक पालकांच्या यादीत नसतात, ते मी मुद्दाम वर आणते. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ अर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी एका शाळेचा अभ्यास केला. त्या शाळेच्या एका बाजूने उंचावरून रेल्वे जात असे आणि दर थोड्या वेळाने गाडी आली की त्या बाजूच्या वर्गांत शिकवणं थांबवावं लागे. सहावीपर्यंत पोहोचताना गोंगाटाच्या बाजूच्या वर्गांतली मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ वर्षभर मागे पडलेली होती. एकच इमारत, एकाच वस्तीतली मुलं! हा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. मग रुळांखाली रबरी गाद्या बसवल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणारं साहित्य लावलं आणि पुन्हा मोजणी केली. तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुलांतला फरक नाहीसा झालेला दिसला. शाळा पाहायला जाल तेव्हा वर्गात डोळे मिटून दोन मिनिटं बसा. मागच्या बाकावर शिक्षकांचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं का? तुमच्या मुलासाठी तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण ज्याला अक्षर आणि आवाज यांची जोडणी कष्टाने करावी लागते त्याला गोंगाटाचा त्रास इतरांहून जास्त होतो.

हवेचंही तसंच आहे. बार्सिलोनामध्ये ३९ शाळांतल्या ७ ते १० वर्षांच्या २,७०० हून अधिक मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. वाहनांच्या धुराचं प्रमाण जास्त असलेल्या शाळांमधल्या मुलांची कार्यरत स्मृती, म्हणजे वाचताना किंवा हिशेब करताना मनात माहिती धरून ठेवण्याची क्षमता, वर्षभरात इतरांपेक्षा हळू वाढली. म्हणून शाळेचं तोंड हमरस्त्याला आहे की आतल्या गल्लीला, शाळा सुटताना दारात इंजिन चालू ठेवून किती गाड्या उभ्या असतात, वर्गाच्या खिडक्या कोणत्या बाजूला उघडतात, हे पाहा. दोन शाळा इतर बाबतींत सारख्या असतील तर मी आतल्या गल्लीतली घेईन.

पटसंख्येबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं ७९ शाळांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. मुलांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी वाटणी केली. काहींना १३ ते १७ मुलांचा वर्ग मिळाला, काहींना २२ ते २५ मुलांचा. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली आणि गरीब घरांतल्या मुलांना जास्त फायदा झाला. प्रयोग शिशुवर्ग ते तिसरीपर्यंतचा होता, म्हणून तुमच्या मुलीच्या बाबतीत पटसंख्या जरूर विचारा. मुलाच्या बाबतीत मी तिला एवढं वजन देणार नाही.

मुलीबद्दल आणखी. ती सहा वर्षांची आहे आणि तिला अजून नीट वाचता येत नाही म्हणून शाळेने तोंड वाकडं केलं तर ती शाळा सोडून द्या. फिनलंडमध्ये नियमित शाळा सातव्या वर्षी सुरू होते आणि तिथली मुलं पुढे वाचनात कमी पडत नाहीत. सहाव्या वर्षी बघायचं ते हे: तिला गोष्ट ऐकायला आवडते का, ऐकलेलं सांगता येतं का, शब्दांतले आवाज वेगळे ओळखता येतात का, हाताने नीट पकडून चितारता येतं का. पहिलीच्या शिक्षिका रोज मोठ्याने पुस्तक वाचून दाखवतात का, एवढा एक प्रश्न विचारा. मग हेही विचारा की अक्षरं आणि त्यांचे आवाज त्या ठरलेल्या क्रमाने शिकवतात की मुलं बघून बघून शिकतील यावर सोडतात. गोष्टी आणि क्रमवार अक्षरओळख, दोन्ही हवं. वर्गात ती वयाने सगळ्यांत लहान ठरणार असेल तर तेही लक्षात ठेवा. पहिल्या दोन-तीन वर्षांत अशी मुलं मागे वाटतात, ते बऱ्याचदा वयामुळे असतं आणि त्यांच्यावर नाहक शिक्का बसतो.

नव्या शहराची आणि तिथल्या शाळेची भाषा तुमच्या घरच्या भाषेपेक्षा वेगळी असेल तर घरची भाषा बंद करू नका. मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत सुरुवातीचं शिक्षण सर्वांत चांगलं होतं, असं युनेस्कोने १९५३ सालच्या अहवालात मांडलं आणि आजही त्या संस्थेची तीच भूमिका आहे. मातृभाषेची शाळा जवळ मिळत नसेल तर निदान रात्रीची गोष्ट, भांडण, लाड, हिशेब हे सगळं घरच्या भाषेत राहू दे. शिक्षकांनी 'घरीही शाळेचीच भाषा बोला' असा सल्ला दिला तर मी तो मानणार नाही. घरची भाषा पक्की असलेलं मूल दुसरी भाषा लवकर उचलतं, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलंय.

मुलगा हा या सगळ्या निर्णयाचा कणा आहे असं मला वाटतं, म्हणून त्याच्यावर जरा थांबते.

अकराव्या वर्षी वाचन अडखळतं याची कारणं वेगवेगळी असू शकतात. नजर आणि कान आधी तपासून घ्या, हे सर्वांत सोपं आणि सर्वांत जास्त राहून जाणारं काम. ते ठीक असेल तर त्याला एखादा अनोळखी, सोपा उतारा मोठ्याने वाचायला द्या. मग तसाच एक उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि अर्थ विचारा. ऐकून सगळं कळतं पण वाचून कळत नाही, असं असेल तर अडचण अक्षर-आवाजाच्या जोडणीत आहे. त्याला वाचनाची विशिष्ट अक्षमता म्हणजे डिस्लेक्सिया असू शकतो, त्यासाठी तज्ज्ञाकडून मूल्यांकन करून घ्यावं. ऐकूनही फारसं कळत नसेल तर शब्दसंपत्ती आणि भाषेवर काम करावं लागेल. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत. 'आळस करतो, लक्ष देत नाही' हे निदान नाही आणि अकरा वर्षांच्या मुलाने ते वर्षानुवर्षं ऐकलं की त्याला ते खरं वाटायला लागतं.

आता दोन्ही शाळांना एकच प्रश्न विचारा: 'एखादं मूल वाचनात मागे असेल तर तुम्ही काय करता?' 'पालकांना बोलावतो' हे उत्तर पुरेसं नाही. 'शिकवणी लावायला सांगतो' हे तर शाळेने आपलं काम दुसऱ्यावर टाकणं झालं. जे शिक्षक सांगतात, 'आठवड्यातून इतके दिवस, या वेळेला, या बाईंकडे छोट्या गटात बसवतो, अमुक आठवड्यांनी पुन्हा तपासतो', त्यांच्याकडे खरंच व्यवस्था आहे. त्यांच्याकडे विशेष शिक्षक आहेत का, समुपदेशक आठवड्यातून किती वेळ येतात, परीक्षेत जास्त वेळ किंवा उतारा वाचून दाखवण्याची सोय मिळते का, हेही विचारा. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ देशांच्या सरकारांनी आणि २५ आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून एक जाहीरनामा केला. वेगळी गरज असलेल्या मुलाला नेहमीच्या शाळेतच जागा मिळावी आणि शाळेने त्याच्याप्रमाणे बदलावं, अशी त्यात भूमिका आहे. तुम्ही अशी विचारणा करता तेव्हा शाळेकडे मेहेरबानी मागत नाही, हे मनात पक्कं असू द्या.

नावाजलेल्या शाळेत या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं आणि जवळच्या शाळेत अजिबात मिळालं नाही, तर पाऊण तासाचा प्रवासही मी मान्य करीन. निदान मुलासाठी. भाऊ-बहीण वेगळ्या शाळांत गेले तरी चालतं, तुमची धावपळ वाढते एवढंच. पण माझा अनुभव असा की निकालाच्या नावावर उभ्या असलेल्या शाळा मागे राहणाऱ्या मुलाला फार काळ सांभाळत नाहीत. दोन-तीन वर्षांत 'याला दुसरीकडे बघा' असं सुचवायला लागतात. म्हणून तिथे सोडून गेलेल्या मुलांचे पालक शोधा आणि त्यांच्याशी बोला. शाळेत असलेले पालक आपला निर्णय बरोबर होता असंच सांगतील, ते स्वाभाविक आहे. ज्यांनी मूल काढून घेतलं त्यांच्याकडून दुसरी बाजू कळते. दोघांचंही ऐकून मग स्वतः पाहिलेल्याशी ताडून बघा.

प्रवासाचा हिशेब कागदावर मांडा. एका बाजूने पाऊण तास म्हणजे रोजचा दीड तास. वर्षात शाळेचे दोनशे दिवस धरले तरी तीनशे तास होतात. त्यात झोप कमी होते, खेळ जातो आणि वर्गातले मित्र शहरभर विखुरलेले असल्याने सुट्टीच्या दिवशी दारात कोणी येत नाही. हे शेवटचं मला सर्वांत जास्त खुपतं. नव्या शहरात आलेल्या मुलाला शाळेतला मित्र संध्याकाळीही भेटायला हवा. दहा मिनिटं चालत जाणारी मुलं रस्ता ओळखायला शिकतात, ओळखीच्या माणसांशी बोलतात, काही दिवसांनी स्वतःची स्वतः जातात. चालत जायचा रस्ता मात्र तुम्ही आधी शाळेच्या वेळेला चालून बघा. पदपथ सलग आहे का, मोठा रस्ता कुठे ओलांडावा लागतो, तिथे सिग्नल किंवा मदतीला कोणी असतं का. दहा मिनिटांच्या वाटेत एक जीवघेणं वळण असेल तर 'जवळची' या शब्दाला अर्थ राहत नाही.

आता शाळेबाहेरची साधनं. मूल वर्षाच्या जागेपणीच्या तासांपैकी फार थोडे तास शाळेत असतं. उरलेले तास वस्तीत जातात, म्हणून घर निवडताना वस्तीला शाळेइतकंच तपासा.

सर्वांत आधी ग्रंथालय. इमारत मोठी आहे का, याला फार महत्त्व नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच असं की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. मुलांची पुस्तकं उघड्या फडताळावर, मुलाच्या हाताला येतील अशी आहेत की काचेच्या कपाटात कुलूपबंद? मुलाला स्वतःच्या नावाचं सभासदत्व मिळतं का? पान फाटलं तर काय करतात? शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी ते उघडं असतं का? ग्रंथपालांना विचारा, 'अकरा वर्षांच्या, वाचायचा कंटाळा असलेल्या मुलाला तुम्ही काय द्याल?' ज्यांचे डोळे या प्रश्नाने चमकतात आणि जे उठून तीन पुस्तकं काढतात, असे ग्रंथपाल वस्तीत असतील तर तुमच्या मुलासाठी ते एखाद्या शिकवणीपेक्षा जास्त करतील. चित्रकथा, क्रिकेटवरची पुस्तकं, यंत्रांची माहिती, काहीही चालेल. ऐकायची पुस्तकंही चालतील. पुस्तक समोर धरून ऐकलं की अडखळणारं मूल गोष्टीचा आनंद गमावत नाही.

ग्रंथालयाचा आणि वस्तीचा संबंध किती खोल असू शकतो, याचं उदाहरण कोलंबियातलं मेडेलिन शहर. हिंसेने पोखरलेल्या त्या शहरात २००४ पासून महापौर सर्हियो फाहार्दो यांच्या काळात डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांमध्ये ग्रंथालय आणि उद्यान एकत्र असलेल्या इमारती बांधायला सुरुवात झाली. पुस्तकं, संगणक, नाटकाची खोली, बसायला सावली, सगळं एका ठिकाणी, आणि तेही जिथे आधी काहीच नव्हतं तिथे. शहराने सर्वांत चांगली इमारत सर्वांत दुर्लक्षित मुलांना दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मग मोकळी जागा. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. सहा शाळांमध्ये रोज ४० मिनिटं जास्त वेळ मुलांना उघड्यावर नेलं. तीन वर्षांनी या शाळांतल्या सुमारे ३० टक्के मुलांना जवळचंच दिसण्याचा दृष्टिदोष आला होता, तर बाकीच्या शाळांत हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होतं. फक्त उजेडात बाहेर असण्याने एवढा फरक! जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते दमवणारी हालचाल सुचवते. ती कुठे होणार? घरापासून पाच-सात मिनिटांवर मोकळी, सावली असलेली, मुलींनाही हक्काने खेळता येईल अशी जागा हवी. संध्याकाळी सहा वाजता तिथे जाऊन बघा. मैदान नकाशावर आहे पण तिथे गाड्या उभ्या असतात किंवा मोठी मुलं पूर्ण जागा व्यापतात, असं असेल तर तुमच्या मुलीसाठी ते मैदान नाही.

शाळा सुटल्यावर तिचं दार वस्तीसाठी उघडं राहतं का, हेही विचारा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात १९३५ पासून शाळांच्या इमारती संध्याकाळी खेळ, छंद आणि मोठ्यांच्या वर्गांसाठी उघड्या ठेवायला सुरुवात झाली आणि तिथून ही कल्पना बऱ्याच शहरांत पसरली. एरवी ती इमारत, ते मैदान, ती प्रयोगशाळा दिवसाचे सोळा तास रिकामीच असते. जवळच्या साध्या शाळेत अशी सोय नसेल तर पाच-सहा पालक मिळून मुख्याध्यापकांना भेटू शकतात. संध्याकाळी दोन तास वाचनाची खोली उघडी ठेवणं आणि पालकांनी आळीपाळीने तिथे बसणं, एवढ्यानेही सुरुवात होते. लांबच्या शाळेत तुम्ही हे करू शकणार नाही.

विज्ञान केंद्र, संग्रहालय, तारांगण यांसारख्या गोष्टी घराजवळ असायलाच हव्यात असं नाही, वर्षात चार वेळा जाता आलं तरी पुरे. हाताळू देणारं केंद्र निवडा. सॅन फ्रान्सिस्कोतलं एक्सप्लोरेटोरियम भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ साली सुरू केलं ते याच विचाराने: मुलांनी वस्तूला हात लावावा, फिरवावं, बिघडवून बघावं. वाचनात अडखळणारी मुलं अशा ठिकाणी किती वेगळी दिसतात, हे पाहण्यासारखं असतं. तुमच्या चौकस मुलाला आपण हुशार आहोत हे तिथे कळेल आणि पुस्तकाशी झगडायला त्यातूनच बळ मिळेल.

शिकवणीचे वर्ग मात्र वस्तीच्या जमेच्या बाजूत धरू नका. ज्या परिसरात कोपऱ्या-कोपऱ्यावर शिकवण्या आहेत तिथल्या शाळांत वर्गात काय होतं, हा प्रश्न मला पडतो. तुमच्या मुलाला मदत लागेल ती वाचन शिकवणाऱ्या जाणत्या व्यक्तीची, सर्व विषय पुन्हा घेणाऱ्या वर्गाची नव्हे. आणि मुलीला अजून चार-पाच वर्षं संध्याकाळी कुठेही बसवू नका.

शुल्क विचारताना वर्षाचा पूर्ण खर्च मागा: गणवेश, बस, पुस्तकं, सहली, कार्यक्रम, दर वर्षीची वाढ. लेखी मागा. तो आकडा बघून ग्रंथालय, सहली, पोहणं, गाणं यांसाठी घरात काही उरतं का ते बघा. सगळं शाळेत घालून बाकीचं बालपण कोरडं ठेवण्यापेक्षा थोडी स्वस्त शाळा आणि भरलेली संध्याकाळ मला बरी वाटते.

घराचा करार शक्य असेल तर आधी अकरा महिन्यांचाच करा, म्हणजे शाळा जमली नाही तर हलता येईल. मुलाला दोन्ही शाळा दाखवा आणि त्याचं मत घ्या, अकराव्या वर्षी तो हक्क त्याचा आहे. निर्णय झाला की प्रवेशाच्या दिवशीच वर्गशिक्षकांना त्याच्या वाचनाबद्दल स्पष्ट सांगा, जुन्या शाळेतल्या वह्या आणि तपासण्यांचे कागद सोबत न्या आणि सहा आठवड्यांनी भेटायची तारीख तिथेच ठरवून घ्या. त्या भेटीत गुण विचारू नका. तो कोणाशेजारी बसतो, वर्गात मोठ्याने वाचायची वेळ आली की काय करतो आणि गेल्या सहा आठवड्यांत त्याच्यासाठी नेमकं काय केलं, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाला ठोस उत्तर आलं नाही तर वर्ष संपायची वाट न पाहता मुख्याध्यापकांकडे जा.